कडी लागलेला रुपया

जुनी नाणी जमवणं हा पैसेवाल्यांचा छंद, असा आपल्याकडे एक ठाम समज आहे. लिलावाच्या बातम्या वाचल्या की तो आणखीच पक्का होतो. एखादा शिवकालीन होन किंवा जहांगीरची मोहोर कुणीतरी लाखोंची बोली लावून नेतो आणि आपण चहाचा घोट घेत म्हणतो, "चाललंय यांचं!" मग पान उलटतं आणि विषयही मिटतो.

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावी राहणारे माझे एक स्नेही मात्र हा छंद आधी प्राथमिक शिक्षकाच्या पगारात आणि आता पेन्शनीत सांभाळून आहेत. त्यांना आपण गुरुजी म्हणू. नाव छापायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. एक कारण चोरांचं. दुसरं असं की, या छंदावर आजवर किती खर्च झाला याचा घरात सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांत थोडी तफावत आहे! मी त्या भागात बँकेच्या नोकरीत होतो तेव्हापासूनची आमची ओळख. मी नोटा मोजून कंटाळलेला माणूस. हे गृहस्थ एका रुपयाकडे अर्धा तास बघत बसत. मला त्याचं नवल वाटे.

कमी पैशात चांदीची नाणी जमवायची तर पहिला धडा वजनाचा. इंग्रजांनी १८३५ साली आपल्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. बारा भागांतले अकरा भाग चांदी. ऐंशी रुपये तराजूत टाकले की एक शेर भरे, म्हणून हेच रुपये वजनं म्हणूनही चालत. राणीछाप असो, एडवर्डचा असो, पाचव्या जॉर्जचा असो, चांदी तेवढीच. पण सहाव्या जॉर्जच्या कारकिर्दीत १९४० पासून ती निम्म्यावर आली. वजन तेच, चांदी मात्र अर्धी, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर निव्वळ निकेलचा. चांदीचा भाव किलोला एक लाख धरला तर राणीछाप रुपयात हजार-अकराशेची चांदी असते आणि १९४२ च्या रुपयात पावणेसहाशेच्या आसपास. हा फरक ज्याला ठाऊक नाही त्याने दुकानाची पायरी चढू नये, असं गुरुजी म्हणतात.

दुसरा धडा सालाचा, आणि इथे भलेभले फसतात. जितकं जुनं तितकं महाग, असं मुळीच नाही. १८६२ हे साल टाकलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, त्यामुळे ते ढिगाने सापडतात. १९१८ साली कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. १९२२ साली जेमतेम वीस लाख. साहजिकच चार वर्षांनी लहान असलेला धाकटा भाऊ मोठ्यापेक्षा महाग! १९११ ची गोष्ट आणखी गमतीची. त्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदूही रागावले, मुसलमानही. सरकारने घाईघाईने बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ साली सोंड लांबवून नवा छाप काढला. १९०३ ते १९२२ अशी सलग वीस वर्षांची माळ लावायची, दर साली एक रुपया, हा गुरुजींचा संकल्प. त्यातली सोळा-सतरा सालं कुणालाही परवडतील अशी. खिसा रिकामा होतो तो उरलेल्या तिघा-चौघांपायी.

पण मला खरं बोलायचं आहे ते या रुपयांच्या पाठीवरच्या डागाबद्दल.

नंदुरबारच्या सराफ्यात जे जुने रुपये येतात, त्यांतल्या पुष्कळांना वरच्या बाजूला कडी डागलेली असते, किंवा ती काढल्याची खूण तरी असते. हे रुपये माळेतले. अक्कलकुवा, धडगावकडच्या सातपुड्यातल्या आदिवासी बायकांच्या गळ्यात होळीच्या दिवसांत अशा माळा दिसतात. मुंबई-पुण्याचे व्यापारी असा रुपया नाक मुरडून बाजूला सारतात. 'दागिन्यातला माल' हा त्यांचा शब्द. त्याला चांदीच्या भावापेक्षा फारसं कुणी देत नाही, आणि म्हणूनच तो गुरुजींसारख्याच्या आवाक्यात येतो.

आता ही माळ घालण्यामागे केवळ हौस होती का? मी हिशेबाचा माणूस, मला त्यात हिशेबही दिसतो. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या साली सरकारने ती सोय बंद केली. रुपयाची किंमत कृत्रिमरीत्या टिकली आणि चांदीचा भाव मात्र घसरत गेला. १९०० च्या सुमारास सोळा आण्यांच्या रुपयात चांदी दहा-अकरा आण्यांचीच होती. नेमक्या त्याच वेळी, १८९९-१९०० मध्ये, छपन्नाचा दुष्काळ पडला. गुजरात, खानदेश होरपळून निघाला. त्या दिवसांत ज्या घरात चांदीचे वाळे, तोडे होते त्यांना ते दहा-अकरा आण्यांच्या हिशेबाने मोडावे लागले. ज्या घरात रुपयांची माळ होती, तिथे कडी कापली की पुन्हा सोळा आणे. अर्थशास्त्राचं पुस्तक न उघडता बायकांनी बँक गळ्यात बांधली होती. पुढे पहिल्या महायुद्धात उलटं झालं. चांदी इतकी महागली की रुपये मुशीत जाऊ लागले. १९१७ च्या नोव्हेंबरअखेर सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. १९१८ साली अमेरिकेने कायदा करून आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांना विकली, ती हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी. १९१८-१९ चा एखादा रुपया हातात घेतला तर त्यात अमेरिकन डॉलरची चांदी असण्याचा संभव दांडगा. धडगावच्या डोंगरातल्या माळेत अमेरिका! गुरुजी हे शाळेत सांगत तेव्हा पोरं हसत असत.

म्हणून ते कडी कापत नाहीत. कापली आणि घासली तर किंमत वाढते, असं अनेकांनी त्यांना सुचवलं. त्यांचं म्हणणं, राजाचं डोकं सगळ्याच रुपयांवर आहे, कडी मात्र घालणारीची आहे. मला हे पटतं. खरं तर संग्रहालयांनीही माळेतली नाणी माळेतच ठेवावीत, सुटी करून कप्प्यात टाकू नयेत, असं माझं मत आहे.

या छंदाला एक कडू बाजू आहे, ती छंदाच्या पुस्तकांत नसते. माळ सराफ्यात येते ती पेरणीच्या तोंडावर, किंवा दवाखान्यापायी. एकाची नड ती दुसऱ्याची पर्वणी. गुरुजी मोड घालायला आलेल्या बाईशी स्वतः सौदा करत नाहीत. दुकानदाराने घेतल्यावर त्याच्याकडून, चांदीच्या भावावर थोडे जास्त देऊन घेतात. पण माल समोर दिसला की बोलल्यावाचून राहवत नाही, आणि त्यामुळे दोन-तीन सराफ त्यांच्यावर नाराज आहेत.

आता थोडं व्यवहाराचं. खोट्या रुपयांचा सुळसुळाट आहे. वजनकाटा आणि भिंग एवढ्या भांडवलावर निम्मे खोटे ओळखता येतात: ओतीव रुपयाची कडा गुळगुळीत, अक्षरं सुजलेली. १९३९ चा दुर्मीळ रुपया कुणी स्वस्तात देऊ लागला तर नमस्कार करून निघावं. 'खोदकामात हंडा सापडला' म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नये. एक तर माल खोटा असतो, आणि खरा असला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडताच जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, हेही परदेशातल्या नातवंडांना भेट देऊ पाहणाऱ्या आजोबांनी ध्यानात ठेवावं. उलट जातीची फसवणूकही आहे: 'तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये, आधी कमिशन भरा.' रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर इशारा दिला, तरी लोक भरतातच.

आणि कृपा करून नाणी चिंचेने घासू नका. काळी छटा हे चांदीचं वय आहे, मळ नव्हे. कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावीत. रबर बँड लावू नये, त्यातल्या गंधकाने काळे पट्टे उमटतात. ज्याला अभ्यास करायचा आहे त्याने नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथे एक दिवस काढावा. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं संग्रहालयही आहे.

२०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली आणि गुरुजींचा महिन्याचा ठरलेला आकडा एका रुपयालाही पुरेनासा झाला. ते आता पावली आणि चवलीवर आले आहेत. चांदीची चवली १९१७ नंतर निघाली नाही; दीड ग्रॅमची, नखाएवढी. पण याच भावामुळे माळाही भराभर मुशीत चालल्या आहेत, आणि मुशीत साल वाचत कुणी बसत नाही.

वीस सालांच्या माळेतलं एक पाकीट अजून रिकामं आहे, १९११ चं. तो रुपया त्यांना एकदा दिसला होता. एका म्हाताऱ्या बाईने मोडायला आणलेल्या माळेत, कडीसकट. गुरुजींनी तिला तो वेगळा काढून दाखवला. डुकराची गोष्ट सांगितली आणि याला कडी असली तरी चांदीपेक्षा जास्त मिळतील, हेही सांगितलं. सराफाने कपाळाला हात लावला. बाईने रुपया उलटसुलट करून पाहिला, हसली, बाकीचे तराजूत घातले आणि तो एक पदराच्या गाठीत बांधला. नातीला ठेवते म्हणाली.