विहिरीला विचारावयाचे प्रश्न

ग्रामपंचायतीच्या दप्तरात स्थावर मालमत्तेची एक नोंदवही असते. सार्वजनिक विहिरी, पाण्याची टाकी, शाळेची इमारत, समाजमंदिर अशा सगळ्यांची नोंद तीत असते. विहीर कोणत्या साली खोदली, खर्च किती आला, हे तीत सापडते. पण एका प्रश्नाचे उत्तर मात्र तीत सापडत नाही. येत्या पावसाळ्यात या विहिरीचे पाणी पिऊन गावातली माणसे आजारी पडतील काय?

आता ही नोंदवही संगणकात जाऊ लागली आहे. २०२० साली सुरू झालेले ई-ग्रामस्वराज पोर्टल तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नगरपालिका, कारखाने, पाणीपुरवठा संस्था यांच्याकडेही मालमत्ता सांभाळण्याची निरनिराळी सॉफ्टवेअर असतात. अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्या क्रमांकाला एक प्रश्नावली जोडण्याची सोय असते. तिचे नाव भारदस्त आहे, ‘पर्यावरणीय जोखीम मूल्यमापन प्रश्नावली’. नावाला बिचकू नका. भोवतालची माती, सांडपाणी, पाऊस यांमुळे या वस्तूला आणि ती वापरणाऱ्या माणसांना किती धोका आहे, हे ठरावीक प्रश्न विचारून ठरवावयाचे, एवढाच तिचा अर्थ.

संगणक मात्र यातले काही आपणहून जाणत नाही. कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे, किती गुण झाले म्हणजे लाल रंग दाखवायचा, हे सारे माणसाने आधी ठरवून द्यावे लागते. ही मांडणी चुकली, तर बेरीज अचूक येते आणि निर्णय चुकतो. आज आपण त्या मांडणीचाच विचार करू, आणि उदाहरण घेऊ गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचे.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न कशाला? पाण्याची तपासणी करावी म्हणजे झाले! तपासणी हवीच. पण बाटलीत भरलेला नमुना त्या दिवसाचे पाणी कसे होते, एवढेच सांगतो. आज स्वच्छ असलेले पाणी उद्याच्या पावसात कशाने बिघडेल, हे बाटली सांगत नाही. ते विहिरीभोवती हिंडून, पाहून, विचारूनच कळते.

१८५४ सालची लंडनची हकिगत या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑगस्टच्या अखेरीस तिथल्या सोहो भागात कॉलऱ्याने थैमान घातले. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवून दिले की, मृतांपैकी बहुतेकांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचे पाणी प्यायले होते. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती हे खरे. पण पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्या पंपाच्या पाण्याचा आजूबाजूला लौकिक होता. लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई चवीसाठी मुद्दाम तिथले पाणी मागवी, आणि तीही कॉलऱ्याने गेली. पुढे हेन्री व्हाइटहेड नावाच्या धर्मोपदेशकाने शोध घेतला, तेव्हा जवळच्याच एका घरातले तान्हे मूल साथीच्या आरंभी आजारी पडले होते असे कळले. त्या मुलाच्या लंगोट्या धुतलेले पाणी घराच्या मैलाखड्ड्यात जात होते. खड्डा उकरून पाहिला तो त्याच्या विटा निखळलेल्या, आणि विहीर अवघी तीन फुटांवर!

पाणी चवीला चांगले होते. ‘विहिरीपासून मैलाखड्डा किती अंतरावर आहे?’ हा प्रश्न मात्र साथीपूर्वी कोणी विचारला नव्हता.

आज असे प्रश्न तयार मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने लहान पाणीपुरवठ्यांच्या स्वच्छता पाहणीसाठी नमुना-प्रश्नावल्या काढल्या आहेत. २०२४ साली त्या नव्याने प्रसिद्ध झाल्या. विहिरीसाठीचे प्रश्न साधारण असे असतात: दहा मीटरच्या आत शौचालय आहे काय? ते विहिरीपेक्षा चढावर आहे काय? जवळ उकिरडा किंवा गोठा आहे काय? ओट्याला भेगा आहेत काय? सांडपाणी ओट्याजवळ तुंबते काय? कठडा मोडल्यामुळे पावसाचे पाणी आत शिरते काय? आतले बांधकाम वरच्या भागात ढासळले आहे काय? दोर आणि पोहरा मातीत लोळतात काय?

या प्रश्नांची ठेवण बारकाईने पाहा. प्रत्येक प्रश्न एकाच गोष्टीविषयी आहे, आणि तिचे उत्तर डोळ्यांनी पाहून किंवा टेप लावून देता येते. ‘विहिरीची स्थिती समाधानकारक आहे काय?’ असा प्रश्न टाकलात, तर दहा माणसे दहा उत्तरे देतील. दुसरे असे की, येथे ‘होय’ म्हणजे नेहमी धोका. काही प्रश्नांत ‘होय’ चांगले आणि काहींत वाईट अशी सरमिसळ झाली, की भरणारा गोंधळतो.

हे प्रश्न तीन गटांत मांडावेत. पहिला गट, घाण कोठे आहे? शौचालय, गोठा, उकिरडा. दुसरा गट, ती पाण्यापर्यंत कोणत्या वाटेने जाईल? भेग, ढासळलेले बांधकाम, मोडका कठडा. तिसरा गट, ती वाट मोकळी करून देणारा हलगर्जीपणा कोणता? तुंबलेले गटार, कुंपण नसणे, जनावरे ओट्यापर्यंत येणे. घाण आहे पण वाट नाही, तर धोका कमी. घाण आणि वाट दोन्ही आहेत, तर मात्र गाठ पडायला एक पाऊस पुरे.

आता गुणांकडे वळू. बहुतेक चुका येथेच होतात. समजा, दहा प्रश्न आहेत आणि प्रत्येक ‘होय’ला एक गुण आहे. दोन गुणांपर्यंत हिरवा रंग, तीन ते पाच पिवळा, त्यापुढे लाल. पहिल्या विहिरीला कुंपण नाही, ओट्याला बारीक भेग आहे, गटार तुंबले आहे, पोहरा जमिनीवर पडला आहे. झाले चार गुण, रंग पिवळा. दुसऱ्या विहिरीचा ओटा नवा, कुंपण रंगवलेले. पण पाच मीटरवर शौचालयाचा खड्डा आहे आणि त्याच बाजूचे आतले बांधकाम ढासळले आहे. झाले दोनच गुण, रंग हिरवा! सांगा बरे, तुमच्या लेकराला कोणत्या विहिरीचे पाणी द्याल?

म्हणून सगळ्या प्रश्नांना सारखे वजन देऊ नये. कुंपणाला एक गुण असेल, तर चढावरच्या खड्ड्याला चार-पाच गुण असावेत. एवढ्यानेही भागत नाही. काही प्रश्न निर्णायक म्हणून वेगळे काढावेत. त्यांचे उत्तर धोक्याचे आले, तर बाकीची बेरीज काहीही असो, रंग लालच लागला पाहिजे. घाण आणि तिची वाट एकाच बाजूला सापडली, तर तोही नियम सॉफ्टवेअरमध्ये घालावा. नऊ चांगल्या गोष्टींनी दहावी जीवघेणी गोष्ट झाकली जाता कामा नये.

दुसरी फसगत कोऱ्या उत्तरांची. विहीर तुडुंब भरलेली असेल, तर आतले बांधकाम कसे दिसणार? भरणारा तो प्रश्न कोरा सोडतो. काही सॉफ्टवेअर उत्तर दिलेल्या प्रश्नांवरूनच टक्केवारी काढतात. म्हणजे अवघड प्रश्न टाळा आणि धोका कमी दाखवा, अशी सोयच झाली! याला उपाय म्हणजे ‘पाहता आले नाही’ असे तिसरे उत्तर ठेवावे. तसे उत्तर असेपर्यंत विहिरीला हिरवा रंग देऊ नये, आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर पुन्हा पाहण्याची तारीख आपोआप नोंदली जावी.

तिसरी गोष्ट स्थळाची. दहा मीटरचा आकडा हा वेदवाक्य नव्हे. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकाला भेगा असतात, आणि भेगांतून घाण पाणी दहा मीटरच्या पलीकडेही सहज जाते. तेव्हा तुमची जमीन कसली आहे, हेही प्रश्नावलीत असावे, आणि भेगाळ खडक असेल तेथे अंतराची मर्यादा वाढवून घ्यावी. तसेच पाणी पिणारी घरे किती, याचीही नोंद हवी. चार घरांच्या आडाला आणि साऱ्या गावाच्या टाकीला तोच दोष असला, तरी दुरुस्तीचा पहिला मान टाकीचा.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी एका खेड्यात अशा पाहणीसाठी गेलो होतो. आधीच्या पाहणीचे कागद आम्हांला दाखवण्यात आले. सात विहिरींची उत्तरे अक्षरशः एकसारखी! झाडाखाली बसून भरलेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यातल्या एका विहिरीवर एक आजी पाणी शेंदत होत्या. मी विचारले, “आजी, पाणी बारा महिने असंच असतं का?” त्या म्हणाल्या, “छे वो मास्तर! पहिला मोठा पाऊस झाला की दोन दिस गढूळ येतं न् वास मारतं. तवा आमी वरल्या आळीतनं आणतो.” हा प्रश्न आमच्या छापील यादीत नव्हताच. त्या दिवशी आम्ही तो हाताने लिहून घेतला: मोठ्या पावसानंतर पाण्याचा रंग किंवा वास बदलतो काय? पावसाचे पाणी न झिरपता थेट विहिरीत शिरते, याची ही सरळ खूण आहे. आणि ती ठाऊक असते रोज पाणी भरणाऱ्या बायांना.

म्हणून उत्तरे कोणी द्यायची, हेही मांडणीतच ठरवावे. ज्याच्याकडे दुरुस्तीची जबाबदारी, त्यानेच एकट्याने धोका मोजू नये. दोघांनी मिळून जावे, आणि त्यांतले एक पाणी भरणारे असावे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. अशा महिला या कामाला अगदी योग्य. मोबाइलवरून उत्तरे भरताना विहिरीचा फोटो, तारीख आणि जागा यांची नोंद सक्तीची ठेवली, म्हणजे झाडाखालची पाहणी आपोआप थांबते.

पाहणी वर्षातून दोनदा तरी हवी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी याच बेताने होते आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळी, हिरवी कार्डे मिळतात, हे तुम्हांला माहीत असेलच. जुनी उत्तरे पुसून नवी लिहू नयेत. नवी उत्तरे नव्या तारखेने जोडावीत. मधे प्रश्न किंवा गुण बदलले, तर तशी नोंद ठेवावी. नाहीतर विहीर सुधारली की नुसते मोजमाप बदलले, हे पुढच्या माणसाला कळणार नाही.

आणि शेवटचे. रंग दाखवून प्रश्नावलीचे काम संपत नाही. प्रत्येक ‘होय’पुढे उपाय, तो करणारा आणि मुदत, या तीन गोष्टी जोडलेल्या असाव्यात. ओट्याची भेग सिमेंटने बुजवता येते. उकिरडा हलवता येतो. खड्ड्याला मात्र वेळ आणि पैसा लागेल. तोवर पाणी दुसरीकडून आणावे, नाहीतर उकळून प्यावे. टीसीएल पावडर रोज, नेमाने टाकावी आणि क्लोरीन उरते की नाही ते तपासावे. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तेच प्रश्न विचारावेत. पुन्हा पाहिल्याशिवाय लाल रंग उतरू देऊ नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. संगणक नसला तरी चालेल. येत्या शनिवारी सहावी-सातवीची मुले घेऊन शाळेच्या टाकीपाशी जा. टेप, वही आणि दहा प्रश्न बरोबर घ्या. प्रश्न मुलांनाच करू द्या, आणि कोणत्या प्रश्नाला जास्त गुण द्यावेत यावर त्यांना भांडू द्या. आपण पितो ते पाणी कोठून येते आणि वाटेत त्याला काय भेटते, हे एकदा स्वतः मोजलेले मूल उघड्या टाकीजवळून मुकाट्याने पुढे जाणार नाही. उद्या ग्रामपंचायतीच्या संगणकात हीच प्रश्नावली भरायची वेळ आली, तर गावात ती भरणारे आणि तिचा जाब विचारणारे, दोघेही तयार असतील.