एकच तुकडी, एकच कसोटी

रणांगणावरील स्त्रीची ओळख ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला करून द्यावी लागत नाही. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी कोटा की सरायजवळ अखेरची लढाई दिली. त्यांची समाधी आपल्या फूलबागेत आहे. त्यापूर्वी झाशीच्या वेढ्यात स्त्रिया तोफांच्या मोर्च्यांवर राबताना आणि दारूगोळा वाहताना दिसल्याची नोंद इंग्रजांच्याच वृत्तांतांत आहे.

या विषयाचा आधुनिक अध्यायही आपल्या शेजारीच लिहिला गेला. सीमा सुरक्षा दलाने २०१३ पासून लढाऊ अधिकारीपदे स्त्रियांना खुली केली. २५ मार्च २०१७ रोजी टेकनपूरच्या अकादमीतून तनुश्री पारीक दलाच्या पहिल्या महिला लढाऊ अधिकारी म्हणून बाहेर पडल्या. मे २०२५ मधील संघर्षात जम्मू भागातील एका आघाडीच्या सीमाचौकीचे नेतृत्व याच दलाच्या नेहा भंडारी करीत होत्या. वायुदलात २०१६ साली तीन महिला लढाऊ वैमानिक दाखल झाल्या आणि भूदलाच्या तोफखान्यात २०२३ मध्ये पाच महिला अधिकारी. पायदळ आणि रणगाडा दल यांची दारे मात्र २०२५ पर्यंत स्त्रियांना बंदच होती.

विरोधाचा मुख्य मुद्दा शरीराचा आहे, आणि आपण डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेच्या मरीन दलाने २०१५ मध्ये केलेल्या चाचणीत १३४ पैकी ९३ कामांत केवळ पुरुषांच्या तुकड्या मिश्र तुकड्यांपेक्षा सरस ठरल्या. स्त्रियांमधील इजांचे प्रमाणही पुरुषांच्या दुपटीहून अधिक होते. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने सर्व लढाऊ पदे स्त्रियांना खुली केली. कारण सरासरी ही समूहाची असते. भरती मात्र एकेका व्यक्तीची होते. जखमी सहकाऱ्याला ओढून आणणे, ओझ्यासह ठरावीक अंतर ठरावीक वेळेत कापणे, अशा प्रत्यक्ष कामांवर बेतलेली कसोटी सर्वांना सारखीच लावावी. ती उतरेल तो वा ती तुकडीत जाईल. कसोटी सैल करणे हा स्त्रियांवरील उपकार नव्हे. ते त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे.

आता बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडे सांगतो. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा व मुलगी यांच्या ताकदीत आणि दमात फार फरक नसतो. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू वाढतात, हिमोग्लोबिनही वाढते. कमरेच्या वरच्या भागातील ताकदीत ही तफावत अधिक ठळक असते. शिवाय तेवढेच ओझे हलक्या शरीराला अधिक जड पडते. हा भाग निसर्गाचा. सराव त्यातील अंतर कमी करतो, पुसून टाकत नाही.

परंतु तफावतीचा दुसरा भाग आपण घडवलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. हाडांच्या मजबुतीची बहुतांश पुंजी विशीपर्यंत जमा होते; नेमक्या त्याच काळात मुलगी मैदानावरून घरात येते. माझ्या दवाखान्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे पालक खेळाच्या तासातून सूट मिळावी म्हणून प्रमाणपत्र मागायला येतात. मुलांसाठी अशी मागणी क्वचितच होते. अपुरा आहार, ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव, चुकणारी पाळी आणि त्यावर एकाएकी आलेला कवायतीचा ताण, या साऱ्यांतून नवशिक्या मुलींच्या नडगीला व पायाला ताणामुळे तडे जातात. मग दोष स्त्रीदेहाला दिला जातो.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती आहे, की किशोरवयीन मुलगी साध्या सर्दीसाठी आली तरी तिचे हिमोग्लोबिन तपासावे, पाळीची चौकशी करावी आणि योग्य कारण नसताना खेळातून सूट देऊ नये. पालकांनी दूध, डाळी, हिरव्या भाज्या आणि मैदान यांत मुलगा-मुलगी असा भेद करू नये. लोहाच्या गोळ्या आणि जंतनाशक औषध वेळेवर द्यावे.

भरतीची कसोटी अठराव्या-विसाव्या वर्षी होते, तिची तयारी मात्र दहाव्या वर्षापासून घराघरांत होत असते किंवा राहून जात असते. या मुलींपैकी एखादीच टेकनपूरच्या मैदानावर उभी राहील; उरलेल्या सर्वांना निदान सकस रक्त आणि बळकट हाडे तरी लाभतील.