बाजारात रोहू घेताना

मैत्रिणींनो, यवतमाळ म्हटले की कापूसच आठवतो. पण इथल्या पूस, अरुणावती, इसापूर धरणांवर कितीतरी भोई-ढिवर कुटुंबांची चूल पेटते. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात, वाहत्या पाण्यातच अंडी घालतात. धरणाच्या संथ पाण्यात नाही. म्हणून धरणात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडतात. बारीक जाळ्यात तीच ओढली, तर पुढच्या वर्षी काय मिळणार? मासळीवालीला हे ठाऊक असते हो! पण हातात पैसा नसला की मिळेल ते विकावे लागते, आणि ‘लहान मासळी गोड’ म्हणत आपणही तेच मागतो. झिंगे खुशाल घ्या. रोहू-कटला मात्र मोठ्याचाच तुकडा मागा. आपण पिल्ले घेतलीच नाहीत, तर ती पकडणार कोण? बघा, पटतंय का!