समुद्र हिरवा दिसतो, पण कशामुळे?

जानेवारी-फेब्रुवारीत उपग्रहाने टिपलेला अरबी समुद्राच्या उत्तर भागाचा नकाशा पाहिला, की ओमानच्या किनाऱ्यापासून आपल्या दिशेला हिरव्या रंगाचे मोठमोठे भोवरे पसरलेले दिसतात. नकाशातलं हिरवं म्हणजे हरितद्रव्य. हरितद्रव्य म्हणजे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. त्यांच्यावर बारीक जलचर जगतात, त्यांच्यावर मासे, आणि माशांवर आपण. त्यामुळे समुद्र हिरवा तर मासळी चांगली, असा सरळ हिशेब मांडला जायचा. गेल्या पंचवीस वर्षांत अरबी समुद्राने हा हिशेब चुकवला. तो कसा चुकला, हे समजून घ्यायला आधी उपग्रहाला काय दिसतं ते पाहायला हवं.

उपग्रहाला रंग दिसतो, बाकी काही नाही. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवा परतवतं. म्हणून प्लवक विरळ तिथे पाणी गडद निळं आणि प्लवक दाट तिथे हिरवट. उपग्रहावरचा संवेदक निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचं गुणोत्तर मोजतो आणि त्यावरून दर घनमीटर पाण्यात किती मिलिग्रॅम हरितद्रव्य असेल, याचा अंदाज बांधला जातो. ऐकायला सोपं आहे, पण मध्ये हवा आहे. संवेदकापर्यंत पोचणाऱ्या एकूण प्रकाशात पाण्यातून वर आलेला वाटा जेमतेम दहा टक्के असतो. उरलेला नव्वद टक्के हवेतल्या रेणूंनी आणि धूलिकणांनी विखुरलेला. आधी हे नव्वद वजा करायचे आणि मग उरलेल्या दहांत समुद्र शोधायचा. वजाबाकीत किंचित चूक झाली तरी समुद्राचा रंग पालटतो. त्यात अरबी समुद्रावर वाळवंटातली धूळ सतत येत असते आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांनी वरचा डोळा जवळपास मिटलेला असतो. शिवाय दिसतो तो फक्त पाण्याचा वरचा थर.

या कामाची सुरुवात २४ ऑक्टोबर १९७८ रोजी झाली. ‘निंबस-७’ या अमेरिकी उपग्रहावरच्या संवेदकाने पहिल्यांदा समुद्राचा रंग अवकाशातून मोजला. प्रयोग म्हणून पाठवलेलं ते उपकरण १९८६ पर्यंत चाललं. त्यानंतर दशकभर मोठी पोकळी. १९९७ मध्ये ‘सीविफ्स’ हा नवा संवेदक आला आणि २६ मे १९९९ रोजी आपल्या ‘इस्रो’ने ओशनसॅट-१ सोडला. त्याचा संवेदक ३६० मीटरपर्यंतचे बारकावे टिपत होता, हे त्या काळात फार मोठं काम होतं. मधल्या दशकभराच्या खंडाची किंमत मात्र शास्त्रज्ञ अजून मोजताहेत, कारण समुद्राच्या बदलाचा कल ओळखायला सलग नोंदी लागतात. त्या तुटल्या की पुढचा वाद अटळ असतो.

असा वाद अरबी समुद्राच्या बाबतीत झालाच. एप्रिल २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात जोआकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. सीविफ्सच्या सुमारे सात वर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. पश्चिम अरबी समुद्रात किनाऱ्यालगत उन्हाळी प्लवक साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढलं, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारणही त्यांनी दिलं. हिमालय आणि युरेशियातला बर्फ कमी झाल्यामुळे जमीन जास्त तापते, नैऋत्य मोसमी वारे जोर धरतात, ते किनाऱ्यावरचं पाणी दूर ढकलतात आणि खालचं गार, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. हिमालयातला बर्फ आणि सोमालियाजवळचं पाणी यांचं हे नातं वाचून मी आजही थक्क होतो.

अकरा वर्षांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी नेमकी उलट गोष्ट मांडली. त्यांनी पाहिलेला पट्टा पश्चिम हिंदी महासागराचा आणि काळ सहा दशकांचा. उपग्रहाच्या नोंदींना त्यांनी हवामानाच्या संगणकीय प्रारूपांची जोड दिली. निष्कर्ष असा, की तिथलं प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटलं आहे. त्याआधी २०१४ मध्ये कोल यांनीच दाखवलं होतं, की १९०१ ते २०१२ या काळात या भागाचं उन्हाळी तापमान १.२ अंश सेल्सिअसने वाढलं. वरचं पाणी तापून हलकं झालं की ते सायीसारखं तरंगत राहतं. खालच्या गार पाण्यात ते मिसळत नाही आणि खालचं खत वर येत नाही.

मग खरं काय? माझ्या मते या दोन निबंधांना एकमेकांवर आदळवणं चूक आहे. सात वर्षं आणि साठ वर्षं ही दोन वेगवेगळी मापं आहेत, आणि समुद्रात दशकभराचे चढउतार नित्याचेच असतात. मात्र छोट्या नोंदीतून मोठा कल सांगायचा तर जपून, हा धडा सगळ्यांनीच घेतला.

खरी कलाटणी मिळाली ती उपग्रहामुळे नव्हे, तर बोटीवरून भरून आणलेल्या पाण्यामुळे. हिवाळ्यात हिमालयाकडून येणारे कोरडे, गार वारे उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी थंड करतात. जड झालेलं पाणी खाली जातं, खालचं वर येतं आणि डायाटम नावाच्या, काचेसारखं कवच असलेल्या प्लवकांना बहर येतो. मासळीच्या साखळीची ती पहिली कडी. पण या शतकाच्या सुरुवातीपासून शास्त्रज्ञांच्या जाळ्यात डायाटमच्या जागी दुसरंच काही येऊ लागलं. ते होतं नोक्टिलुका. अंगाने इतकं मोठं, की नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखं दिसतं. त्याच्याजवळ स्वतःचं हरितद्रव्य नाही. त्याच्या पोटात हजारो हिरव्या शैवालपेशी राहतात आणि त्याच्यासाठी अन्न बनवतात. शिवाय ते डायाटमही गिळतं. म्हणजे शेत स्वतःचं आणि वर शेजाऱ्याच्या पिकावर डल्ला. ते खाणारे मुख्यतः जेलीफिश आणि साल्प नावाचे जेलीसारखे जीव. माशांच्या पोटात त्यातलं फारसं जात नाही.

हरितद्रव्य मोजणाऱ्या नकाशावर मात्र हा बहरही हिरवाच उमटतो. दोन्ही हिरव्यांत फरक करायला पाण्यात उतरावंच लागतं. हेल्गा गोम्स, गोएस आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. जी. प्रभू मातोंडकर यांच्यासह अनेकांनी २०१४ मध्ये या बदलाचा निबंध लिहिला. समुद्रातला कमी प्राणवायूचा थर वर सरकतो आहे आणि नोक्टिलुकातलं शैवाल अशा पाण्यातही जोमाने वाढतं, असं कारण त्यांनी दिलं. या किनाऱ्यांवर सुमारे बारा कोटी माणसं राहतात, याची आठवणही त्यांनी करून दिली. २०१८ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक माहिती केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य अरबी समुद्रातल्या बहरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांना तिथे प्राणवायूची तशी कमतरता आढळली नाही. २०२० मध्ये गोएस आणि सहकाऱ्यांनी भर दिला तो हिमालयातल्या घटत्या बर्फावर. हिवाळी वारे उबदार आणि दमट झाले, पाणी नीट ढवळलं जाईना, डायाटम उपाशी राहिले आणि नोक्टिलुकाला मोकळं रान मिळालं. कारणाचा निकाल अजून पूर्ण लागलेला नाही, आणि तो लागेल तो पाण्याचे नमुने तपासूनच.

हा वाद आपल्या होड्यांपर्यंत पोचतो. इन्कॉइस समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांचे नकाशे एकत्र करून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य पट्ट्यांची सूचना देतं. गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं, रंग जिथे एकदम पालटतो, तिथे मासे जमण्याची शक्यता जास्त. ही सेवा उपयोगाची आहे, ती टिकायलाच हवी. पण नकाशातला हिरवा पट्टा नोक्टिलुकाचा असेल, तर डिझेल जाळून तिथवर गेलेल्या तांडेलाच्या जाळ्यात काय येणार, हा प्रश्न विचारायलाच हवा.

उपकरणं सुधारताहेत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वरचा संवेदक तेरा पट्ट्यांत रंग पाहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नासा’ने सोडलेला ‘पेस’ तर रंगाच्या शेकडो छटा वेगळ्या करतो, त्यामुळे प्लवकाचा प्रकारही वरून ओळखण्याची आशा आहे. पण ती ओळख बरोबर की चूक, हे ठरवायला त्याच दिवशी, त्याच जागी कुणीतरी बोटीवर असावं लागेल. उपग्रहाच्या उड्डाणाला जेवढं कौतुक आणि पैसा मिळतो, त्याचा छोटासा हिस्सा तरी संशोधन नौकांच्या नियमित फेऱ्यांना मिळायला हवा.

कोकणात आणि गोव्यात काही वेळा रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक गर्दी करून फोटो काढतात. तो उजेड बहुधा या नोक्टिलुकाचाच असतो. पुढच्या वेळी तुम्हाला तो दिसला, तर फोटोबरोबर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. सकाळी पाण्याचा रंग कसा होता तेही नोंदवा, आणि ही नोंद जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाकडे किंवा गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेकडे पाठवा.