मुखपृष्ठासकट हवा

रद्दीच्या दुकानात जुना दिवाळी अंक दिसला की मी आधी मुखपृष्ठ शाबूत आहे का ते बघतो. वाचनालयांत अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिराती बऱ्याचदा काढून टाकल्या गेल्या, आणि चित्रकाराची खरी करामत तिथेच होती!

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा रुजली. माझा जीव मात्र चित्रकार दीनानाथ दलालांच्या, १९४५ साली सुरू झालेल्या ‘दीपावली’त अडकलाय. दलालांनी रंगवलेला चेहरा भिंगाखाली धरा. गालावरची लाली विरघळते आणि लाल-पिवळे ठिपके सुटे दिसू लागतात. कुठे एखादा रंग केसभर सरकलेला असतो. मला तोही प्यारा आहे, कारण छापखान्यातले हात त्यात दिसतात.

गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून मी सुती दोऱ्याने अंक शिवतो. चिकटपट्टी कधीच लावू नये. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.

तुमच्या माळ्यावर असे अंक असतील, तर रद्दीत घालण्याआधी कुणा संग्राहकाला जरूर दाखवा. जाहिरातींची पानं फाडू नका.