वार्धक्याचीं कांहीं कोडीं

वाशीम जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवीं एखाद्या वृद्ध माणसाची दृष्टि मंदावली, भूक कमी झाली किंवा गुडघे दुखूं लागले, कीं घरचीं माणसें घडीभर काळजी करतात आणि मग कोणीतरी म्हणतो, "आतां वय झालें!" या वाक्याबरोबर चौकशी संपते. कारण सांगितल्यासारखें वाटतें, मनाचें समाधान होतें. वस्तुतः येथें कांहींच सांगितलेलें नसतें. आपल्या अज्ञानाला एक सोयीचें नांव मात्र दिलेलें असतें. आजच्या भाषणांत या वाक्याची थोडी उलटतपासणी करावयाची आहे. प्रश्न तीन आहेत. माणसाचें वय आपणांस कसें कळतें? वार्धक्य येतें तरी कां? आणि वार्धक्य कोठें संपतें व रोग कोठें सुरू होतो?

पहिला प्रश्न अगदीं सोपा वाटतो. वय म्हणजे जन्मापासून लोटलेलीं वर्षें. पण ज्याच्या जन्माची नोंद कोठेंच नाहीं, त्याचें काय? खेड्यांतील वृद्ध माणूस बहुधा सन सांगत नाहीं. तो प्रसंग सांगतो. "बहात्तरच्या दुष्काळांत माझा थोरला रांगत होता," असें एखादी आजी म्हणते. हें उत्तर हसण्यावारी नेण्यासारखें नव्हे. १९७२ चा दुष्काळ ही निश्चित काळाची घटना आहे, आणि मूल रांगतें तें साधारणतः आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास. यावरून मुलाचें वय जवळजवळ बिनचूक ठरतें व आईचें वय कांहीं वर्षांच्या मर्यादेंत येतें. लोकसंख्येचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञहि हीच युक्ति वापरतात. त्या त्या भागांतील दुष्काळ, पूर, रोगांच्या साथी यांची सालवार यादी करून ते वृद्धांचीं वयें ठरवितात.

याच्या उलट "मी साठ वर्षांचा" हें उत्तर नेमकें दिसतें, परंतु पुष्कळदां अधिक संशयास्पद असतें. जेथें जन्माच्या नोंदी नसतात, तेथें खानेसुमारींत शून्य किंवा पांच यांनीं संपणारीं वयें भलतींच जास्त भरतात. ५९ किंवा ६१ वर्षांचीं माणसें थोडीं आणि ६० चीं मात्र ढीगभर! निसर्ग दर दहा वर्षांनीं अधिक मुलें जन्मास घालीत नाहीं. तेव्हां हा फुगवटा जन्मांचा नसून अंदाजाचा आहे, हें उघड होतें. एकाहि माणसाचा जन्मदाखला न पाहतां, केवळ शेवटचा आंकडा मोजून, नोंद कितपत विश्वसनीय आहे हें येथें सांगतां येतें. शास्त्रीय विचारपद्धति म्हणतात ती हीच: ऐकलेलें खोटें आहे असें आधीं ठरवावयाचें नाहीं, आणि खरें आहे असेंहि नाहीं, तें तपासण्याची वाट शोधावयाची.

गांवाच्या वयाचीहि हीच गोष्ट आहे. वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. माहात्म्यकथांनीं या क्षेत्राचें पुरातनत्व वर्णिलें आहे. पण कथेवरून शतक ठरत नाहीं. १९३९ सालीं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा वाशीम येथें मिळालेला ताम्रपट प्रसिद्ध झाला. तो वत्सगुल्माहून दिलेला होता. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत येथें वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, हें त्यावरून निश्चित झालें. गांव जुनें आहे ही लोकांची समजूत खोटी ठरली नाहीं. किती जुनें, याला मात्र प्रथमच पुरावा मिळाला.

माणसांत असा पुरावा असलेलें दीर्घ आयुष्य आपल्या परिचयाचें आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ रोजीं जन्मले व ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, १०४ व्या वर्षानंतर, निवर्तले. कागदपत्रांच्या आधारें सर्वांत दीर्घ मानलें जाणारें आयुष्य फ्रान्समधील झान काल्मां या बाईंचें. त्या १९९७ सालीं १२२ वर्षांच्या होऊन वारल्या.

अशा माणसाचें नांव निघालें कीं लगेच प्रश्न येतो: हीं माणसें खात तरी काय होतीं? या प्रश्नानें थोर थोर शास्त्रज्ञांनाहि भुरळ घातली आहे. १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी, रशियन शास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉफ यांचें मत असें होतें कीं, बल्गेरियांतील खेडूत आंबविलेलें दूध भरपूर घेतात आणि त्यांत शतायुषी माणसें पुष्कळ आढळतात. तेव्हां त्या दुधांतील जंतु आंतड्यांतील घातक जंतूंना आवरून वार्धक्य लांबवीत असले पाहिजेत. ताकावर वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला ही कल्पना चटकन् पटेल. आणि चटकन् पटते म्हणूनच ती तपासली पाहिजे. त्या शतायुषींचीं वयें नोंदींवरून ठरलीं होतीं कीं अंदाजानें? आंबट दूध पिऊनहि लवकर मेलेल्यांची गणती कोणी केली होती काय? इतर सर्व बाबतींत तसेच, पण तें दूध न घेणारे खेडूत किती वर्षें जगले? या तुलनेवांचून अनुमान लंगडें राहतें. मेच्निकॉफ स्वतः आंबट दूध नेमानें घेत असत आणि १९१६ सालीं ७१ व्या वर्षीं वारले. टीकाकारांना हा बिनतोड पुरावा वाटावा. परंतु तोहि पुरावा नव्हे. एका माणसाच्या दीर्घायुष्यानें जसें औषध सिद्ध होत नाहीं, तसें एका माणसाच्या मृत्यूनें तें खोटेंहि ठरत नाहीं.

सरासरीचा शब्दहि असाच फसवा आहे. १९५१ च्या सुमारास भारतांतील सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें. २०१६ ते २०२० या काळाच्या नोंदींप्रमाणें तें ७० झालें. यावरून त्या काळीं लोक तिशींत म्हातारे होत, असें कोणी समजेल तर चूक होईल. समजा, दहा मुलें जन्मलीं. त्यांतील चार अगदीं तान्हेपणींच दगावलीं आणि सहा साठ वर्षें जगलीं. सर्वांच्या आयुष्यांची बेरीज ३६० आणि सरासरी ३६! या दहांत छत्तिसाव्या वर्षीं मात्र एकहि मरण नाहीं. आयुर्मान दुपटीहून वाढलें तें मुख्यतः बालमृत्यु व साथीचे रोग कमी झाल्यामुळें. वार्धक्य जिंकल्यामुळें नव्हे.

आतां दुसरा प्रश्न. वार्धक्य कां येतें? बैलगाडीच्या चाकाची धांव झिजते तसें शरीर झिजतें, हें नेहमींचें उत्तर. पण मोडलेलें हाड सांधतें, कापलेली त्वचा भरून येते. झिजलेली धांव आपोआप भरून आल्याचें कोणी पाहिलें नाहीं. शिवाय झीज हेंच एकमेव कारण असेल, तर सारख्या आकाराच्या प्राण्यांनीं साधारण सारखेंच जगावें. घरांतील उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होतो. उलट सायबेरियांत खूण करून सोडलेलें, उंदराहूनहि हलकें एक वटवाघूळ ४१ वर्षांनीं जिवंत सांपडलें. उडण्याचे कष्ट करणारा हा जीव खरें म्हणजे आधीं झिजावयास हवा होता!

दुसरें उत्तर असें कीं, म्हाताऱ्यांनीं तरुणांना जागा करून द्यावी म्हणून निसर्गानेंच वार्धक्य योजिलें. ऑगस्ट वाइझमान या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं हें मत मांडलें. ऐकावयास तें गोड आहे. पण आपल्या जिल्ह्यांतील कारंजा-सोहोळ अभयारण्यांतल्या काळविटांचा विचार करा. मोकळ्या रानांतील प्राण्याचा शेवट बहुधा शिकारी प्राणी, रोग किंवा उपासमार यांमुळें होतो. पुरता म्हातारा होईपर्यंत टिकणारा विरळाच. जागा मोकळी करण्याचें काम असें आधींच होत असेल, तर त्यासाठीं वार्धक्याची वेगळी योजना कशाला हवी?

याच शंकेंतून तिसरें उत्तर निघालें. जे. बी. एस. हॉल्डेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. त्यांनीं १९४१ सालींच लक्षांत आणून दिलें होतें कीं, जो आनुवंशिक रोग मुलेंबाळें झाल्यावर प्रकट होतो, त्याला नैसर्गिक निवड फारशी आळा घालूं शकत नाहीं. पीटर मेदावर यांनीं १९५२ सालीं हा विचार सर्व वार्धक्यास लावला. शेतकऱ्यास हें चटकन् समजेल. तण बीं धरण्यापूर्वीं निंदून काढलें, तर पुढल्या वर्षीं तें कमी उगवतें. बीं झडून गेल्यावर उपटून उपयोग काय? तारुण्यांत घात करणारा आनुवंशिक दोष संततीपूर्वींच निंदला जातो. उतारवयांत घात करणारा दोष पुढच्या पिढींत कधींच पोंचलेला असतो. असे दोष पिढ्यान्‌पिढ्या सांचले, कीं त्यांचेंच नांव वार्धक्य. १९५७ सालीं जॉर्ज विल्यम्स यांनीं त्यांत भर घातली: एकच गुण तरुणपणीं हितकर आणि म्हातारपणीं घातक असूं शकतो.

परंतु पटणें वेगळें आणि सिद्ध होणें वेगळें. चांगल्या सिद्धांतानें आपण कशानें खोटे ठरूं, हेंहि सांगावें लागतें. या सिद्धांतावरून एक भाकित निघालें: जेथें अपमृत्यूचें भय कमी, तेथील प्राणी पिढ्यान्‌पिढ्यांनंतर सावकाश म्हातारे व्हावेत. वटवाघूळ उडून संकट टाळतें, हें यांत बसतें. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील सापेलो बेटावर मोठे भक्षक प्राणी नाहींत. तेथील ओपॉसम हा पिशवीधारी प्राणी मुख्य भूमीवरील आपल्या भाईबंदांपेक्षां सावकाश म्हातारा होतो, असें स्टीव्हन ऑस्टॅड यांस आढळलें. त्यांचा निष्कर्ष १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. सिद्धांताचा जय झाला म्हणावें, तों २००४ सालीं गप्पी माशांनीं उलट साक्ष दिली. डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आपण हौदांत सोडतों तेच हे मासे. त्रिनिदादमधील भक्षकांनीं भरलेल्या प्रवाहांतले गप्पी लवकर म्हातारे व्हावयास हवे होते. डेव्हिड रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांस ते उलट अधिक काळ प्रजा देतांना आढळले. मग सिद्धांत टाकून दिला काय? नाहीं. माशांची साक्ष दडपली काय? तेंहि नाहीं. किती प्राणी मरतात एवढेंच न पाहतां कोणते मरतात, दुबळे कीं सशक्त, हेंहि पाहिलें पाहिजे, असा प्रश्न अधिक बारीक झाला.

मोठ्या नांवाला प्रमाण मानल्यानें काय होतें, याचीहि एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. १९१२ सालीं अलेक्सिस कॅरेल यांनीं कोंबडीच्या गर्भांतील हृदयाचा तुकडा पोषक द्रवांत ठेविला. त्याच वर्षीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या पेशी १९४६ पर्यंत वाढत होत्या असें प्रसिद्ध झालें, आणि पेशी मुळांत अमर आहेत असें सर्वत्र मानलें गेलें. इतरांच्या प्रयोगांत पेशी मरत. तेव्हां दोष त्या प्रयोग करणारांच्या हातांचा, अशी समजूत होई. १९६१ सालीं लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं दाखविलें कीं, माणसाच्या साध्या पेशी सुमारें पन्नास वेळां दुभंगतात व मग थांबतात. हात वाईट असल्याची शंका राहूं नये म्हणून हेफ्लिक यांनीं पुष्कळ वेळां दुभंगलेल्या पुरुषाच्या पेशी व थोड्याच वेळां दुभंगलेल्या स्त्रीच्या पेशी एकाच पात्रांत वाढविल्या. पात्र एक, द्रव एक, हात एक. तरीहि कांहीं काळानें फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या. मोजदाद पेशींच्या आंतच होती. कॅरेल यांचा निष्कर्ष मात्र दुसऱ्या कोणासहि तसा मिळवितां आला नाहीं.

मग एकाच पेशीचा जंतु म्हातारा होतो काय? तो दुभंगून दोन तरुण जंतु होतात, म्हणून तो अजर आहे असें पुष्कळ काळ समजत. २००५ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं दाखविलें कीं, जुना टोंकाचा भाग ज्याच्या वांट्यास येतो तो जंतु हळूहळू मंदावतो. पुढच्याच वर्षीं पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयांतील मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गणिती मांडणी करून असें प्रतिपादिलें कीं, जंतूंचें वार्धक्य अटळ नसून परिस्थितीवर अवलंबून असूं शकतें: झालेली इजा दोघांत समान वांटावी कीं एकाच्याच माथीं मारावी, यांत दोन्हीकडे कांहीं लाभ आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्रांतील एका महाविद्यालयांतूनहि या प्रश्नास नवें वळण देतां आलें.

आतां शेवटचा व सर्वांत निकडीचा प्रश्न. वार्धक्य आणि रोग एकच काय? मोतीबिंदु पाहा. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. कारण वय, हें खरें. पण म्हणून उपाय नाहीं, हें खोटें. १९४९ सालीं लंडनमध्यें हॅरल्ड रिडले यांनीं प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यांत बसविलें. आज ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांतूनहि होते. १९७६ पासून अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. तरीहि "वय झालें" म्हणून ओसरीवर बसून राहिलेली आजी नातवाचें तोंड पाहण्यास मुकते. तिला आंधळें करणारें कारण मग वय नव्हे, तें वाक्य होय. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, उगाच उतरत जाणारें वजन, एकाएकीं झालेला बुद्धिभ्रंश, वाढलेला रक्तदाब, यांनाहि हेंच लागू आहे. यांतील प्रत्येकाची तपासणी होऊं शकते.

याच्या दुसऱ्या टोंकास बाजारांत कायाकल्पाचीं चूर्णें विकणारा उभा असतो. त्यास तीन प्रश्न विचारावेत: किती जणांनीं घेतलें, न घेणाऱ्या तशाच लोकांचें काय झालें, आणि हें मोजलें कोणी? उत्तर म्हणून एखाद्या शतायुषी बाबांचें नांव पुढें आलें, तर पैसे परत खिशांत ठेवावेत.

वार्धक्य पूर्णपणें टाळण्याचा उपाय शास्त्रास अद्याप सांपडलेला नाहीं. पण त्यानें चौकशी करण्याची रीत दिली आहे, आणि ती घरांतहि चालते. घरच्या वडील माणसाची तक्रार ऐकल्यावर आधीं दवाखाना गांठावा, तपासणी करावी, बरें होण्याजोगें तें बरें करून घ्यावें. एवढें सर्व झाल्यावर जें उरेल, तेवढ्यालाच काय तें "वय झालें" म्हणावें.