वारली चौक

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली लोकांची वस्ती आहे. त्यांच्या घरी लग्न निघाले, की कुडाची भिंत शेणाने सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवितात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवितात. बांबूच्या काडीचे टोक ठेचले, की झाली कुंची! मग सुवासिनी भिंतीवर चौक काढतात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढीच या कलेची मुळाक्षरे होत. दोन त्रिकोण टोकाशी टोक जुळविले, की माणसाचे धड होते; त्यावर एक ठिपका, की मस्तक!

इ. स. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती देशोदेशी पोहोचविली. २०११ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

परंतु कागदावरचे चित्र विकले जाते व दूर जाते. इकडे कुडाच्या जागी सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या. आईशेजारी बसून चौक शिकणाऱ्या मुलीने आता शिकावे कोठे? म्हणूनच काही तरुण चित्रकार पाड्यातील मुलांना जवळ बसवून ही कला शिकवितात. हात वळविणे सोपे असते. पण प्रत्येक आकृतीचा अर्थ म्हाताऱ्या आजीलाच विचारावा लागतो. तो अर्थ विसरला, तर चित्र उरेल, चौक मात्र उरणार नाही.